चित्राला धनी नसतो काय?

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाचे उटणे अजून पुरते निघाले नव्हते, तोच माझ्या फोनवर एक शुभेच्छापत्र येऊन पडले. सोबत भेट म्हणून एक पुस्तक जोडलेले होते. उघडून पाहतो तो काय, माझीच कादंबरी! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मुखपृष्ठासकट, कोणीतरी यंत्राखाली धरून तिचे पीडीएफ केले होते, आणि ते फराळाच्या ताटासारखे घरोघर वाटले जात होते. पाठविणाऱ्या सद्गृहस्थाने खाली लिहिले होते, 'वाचा आणि इतरांनाही पाठवा. ज्ञानदानासारखे पुण्य नाही.' त्या कादंबरीपायी मी चार वर्षे रात्रीचा दिवस केला होता. माझ्या चार वर्षांचे दान होत होते, आणि पुण्य मात्र हा गृहस्थ पदरात पाडून घेत होता!

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी या विषयावर चांगले अर्धा तास व्याख्यान दिले. लेखकाचे कष्ट, समाजाची कृतघ्नता, कायद्याचा उरलेला नसलेला धाक, सगळे मुद्दे त्यात येऊन गेले. आमचे चित्रकलेचे शिक्षक कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढीत होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी मान वर न करता विचारले, "सर, तुमच्या त्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर तुळशीपाशी दिवा लावणारी बाई आहे. ती कोणी काढली?"

"प्रकाशकांनी नेटवरून घेतली," मी म्हणालो.

"नेटवरून म्हणजे कोणाकडून?"

मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी आपल्या फोनवर मला तीन छायाचित्रे दाखविली. एक मिठाईच्या खोक्याचे, दुसरे एका पुढाऱ्याच्या शुभेच्छाफलकाचे, तिसरे एका पतसंस्थेच्या दिनदर्शिकेचे. तिन्हींवर एकच चित्र होते: शिडीवर चढून आकाशकंदील टांगणारा मुलगा आणि खाली शिडी धरून उभी असलेली त्याची बहीण. ते चित्र आमच्या या शिक्षकांचे. मुलांना पाहता यावे म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी ते नेटवर ठेवले होते. मूळ चित्राच्या कोपऱ्यात त्यांची सही आहे. खोक्यावर त्या सहीच्या जागी पेढा आला होता, फलकावर पुढाऱ्याचा जोडलेला हात आला होता, आणि दिनदर्शिकेवर ती जागा नुसती पुसून काढली होती.

"नेटवरून घेतले म्हणतात ना, सर," ते म्हणाले, "मग सही पुसायचे कारण काय होते?"

वाचकहो, या एका प्रश्नाने माझे अर्धा तासाचे व्याख्यान माझ्याच अंगावर येऊन कोसळले. ज्याला माल बेवारशी वाटतो तो त्यावरची खूण खोडण्याचे कष्ट घेत नाही. खूण खोडणाराला धनी आहे हे ठाऊक असते; तो आपल्याला गाठू शकणार नाही, एवढाच त्याचा भरवसा असतो. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, चित्रे उचलण्याचा जो प्रकार आज छापखान्यापासून मंगल कार्यालयापर्यंत आणि शाळेच्या वार्षिकांकापासून साहित्यिकांच्या मुखपृष्ठापर्यंत चालला आहे, तो अज्ञानातून होतो असे म्हणणे हा निव्वळ दांभिकपणा आहे. त्यात मीही सामील होतो, म्हणून तर हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

पूर्वी असे नव्हते काय? तयार चित्रे पूर्वीही होती. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी प्रत्येक छापखान्यात लाकडी खणांत ठसे ठेवलेले असत: गणपती, कलश, केळीचे खांब, वाजंत्री. लग्नपत्रिका आली की ठसा काढावा, शाई लावावी, छापावे. परंतु तो ठसा मालकाने पैसे मोजून आणलेला असे. परदेशांत अशाच चित्रांचे ताव विकत मिळत. ते कात्रीने कापायचे आणि पानावर चिकटवायचे, म्हणून त्यांना क्लिप आर्ट हे नाव पडले. पुढे संगणक आला आणि कात्री गेली. मायक्रोसॉफ्टने आपल्या लेखनाच्या साधनाबरोबर असल्या चित्रांचे भांडार दिले, आणि माझ्या पिढीतल्या प्रत्येक शिक्षकाने प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात त्यातले एखादे घुबड नाही तर एखादा पेटलेला दिवा चिकटविला. २०१४ च्या डिसेंबरात कंपनीने ते भांडार बंद केले आणि त्या जागी नेटवर चित्रे धुंडाळण्याची सोय ठेवली. इतके दिवस खणात हात घालावा आणि ठसा काढावा अशी सवय लागलेला माणूस आता बाजारात उभा राहिला, आणि बाजारालाच आपला खण समजू लागला.

या माणसाच्या सबबी मी आता एकेक करून घेतो. त्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मी स्वतः त्या सगळ्या वापरलेल्या आहेत.

पहिली सबब अशी की, चित्र नेटवर सर्वांसाठी मोकळे ठेवले होते. शेजाऱ्याच्या आंब्याचा मोहर रस्त्यावरून दिसतो. त्याकडे पाहून डोळे निववायला कोणी आडकाठी करीत नाही. म्हणून जूनमध्ये पाटी घेऊन आंबे उतरवायला जावे काय? चित्र पाहायला ठेवणे वेगळे आणि छापायला देणे वेगळे.

दुसरी सबब: त्यावर हक्काचे चिन्ह नव्हते, नोंदणी नव्हती. मी वकील नव्हे. माझे रीतसर शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. दहावीला आमच्याकडे अजून मॅट्रिकच म्हणतात. परंतु १९५७ सालचा आपला कॉपीराइट कायदा, ज्याला सरकारी मराठीत 'प्रतिलिप्यधिकार' असे जबडा दुखविणारे नाव आहे, तो मी या निमित्ताने वाचून काढला. त्याचे म्हणणे सरळ आहे. चित्रकाराने चित्र काढले की हक्क जन्माला आला. नोंदणीची सोय आहे, सक्ती नाही. चिन्हाची तर मुळीच नाही. मूल जन्मल्यावर दाखला काढावा हे बरे. पण दाखला नाही म्हणून मूल कोणाचेही होत नाही.

तिसरी सबब: आम्ही रंग बदलले, उजवीकडचे डावीकडे केले, साडीला काठ लावला. इथे कायदा पुष्कळ उदार आहे, हे मुद्दाम सांगतो. १९७८ साली एका नाटकावरून चित्रपट उचलल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. ती ज्या रूपाने मांडली त्या रूपावर असतो. तुळशीपाशी दिवा लावणारी बाई ही कल्पना माझ्या आजीची, तुमच्या आजीची, सगळ्या महाराष्ट्राची आहे. ती कोणीही खुशाल काढावी. परंतु एका चित्रकाराने तिची मान जशी वळविली, पदर जसा धरला, ज्योतीचा उजेड गालावर जेवढा पाडला, ते त्याचे. साडीला काठ लावल्याने ती बाई तुमची होत नाही.

चौथी सबब मला सर्वांत प्रिय आहे, कारण तीत विनय आहे. चित्राखाली बारीक अक्षरांत छापतात, 'साभार: इंटरनेट'. किती थोर मनाचे आभार! मुलाने मुंबईहून मनीऑर्डर पाठवावी आणि म्हातारीने जन्मभर पोस्टमनलाच आशीर्वाद द्यावेत, त्यातला हा प्रकार. शिवाय आभार मानणे आणि परवानगी घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'साभार' हा शब्द लिहून दुकानातून साखर उचलून पाहा, वाणी काय म्हणतो ते कळेल.

पाचवी सबब आम्हा शिक्षकांची: आम्ही शिकविण्यासाठी घेतो, धंद्यासाठी नव्हे. हिच्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ती जास्त फसवी. कायद्याच्या ५२ व्या कलमात खरोखरच मोकळीक आहे. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने चित्राची नक्कल केली, कोणी खासगी अभ्यासासाठी वापरले, परीक्षण करताना दाखविले, तर तो गुन्हा नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्याससामग्रीच्या झेरॉक्स प्रतींवरून प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली हीच मोकळीक उचलून धरली, आणि मला त्याचा आनंद वाटतो. म्हणून मी फळ्याशेजारी चित्र दाखवीन, मुलांकडून त्याची नक्कल काढून घेईन. परंतु शाळेचा वार्षिकांक, ज्यात सोनाराची आणि सिमेंटवाल्याची जाहिरात पैसे घेऊन छापली जाते, त्याच्या मुखपृष्ठावर तेच चित्र लावताना मी शिकवीत नसतो, धंदा करीत असतो. खिशाला सोयीचे तेव्हा गुरुजी आणि जाहिरातीच्या वेळी व्यापारी, ही दोन्ही सोंगे एकाच माणसाने घेऊ नयेत.

सहावी सबब पैसे देणाऱ्यांची आहे: आम्ही चित्रपेढीतून घेतले, त्यावर 'रॉयल्टी-फ्री' लिहिले होते. हा शब्द पुष्कळांना बुडवितो. त्याचा अर्थ फुकट असा नसून, एकदा ठरलेले पैसे दिले की दर वापराला पुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढाच आहे. आणि विकत घेतो ते चित्र नव्हे, परवाना. एखाद्या परवान्यावर पुस्तकात छापता येते, पण तेच चित्र कपांवर छापून कप विकता येत नाहीत. कोठे प्रतींची मर्यादा असते. कोठे चित्र फक्त बातमीसाठी असते, जाहिरातीला चालत नाही. जे चित्रकार आपण होऊन चित्रे मोकळी सोडतात, त्यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने २००२ पासून आहेत. पण त्यांतही कोणी म्हणतो नाव लावा, कोणी म्हणतो विकू नका, कोणी म्हणतो बदलू नका. दात्याची अट वाचायला दोन मिनिटे लागतात. तेवढीही ज्याला नाहीत, त्याने दान घेऊ नये.

आता कोणी म्हणेल, हा मास्तर सगळ्यांना वेठीस धरायला निघाला; मग दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर लक्ष्मी तरी कोठून आणावी? त्याचे उत्तर मी आनंदाने देतो, कारण आपल्या घरात पुरलेला हंडा आपल्यालाच ठाऊक नाही. आपल्याकडे चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. नंतर ते चित्र सर्वांचे. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर जाऊन बसली. ती आज तुमची-आमची आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले. २००४ साल संपले तेव्हा त्यांची चित्रे मोकळी झाली. नऊवारीतल्या बायका, बाजार, मिरवणुका, घाटावरची गर्दी, काय नाही त्यांच्यात! घ्या, छापा, फक्त खाली धुरंधरांचे नाव लावा. कायद्यासाठी नव्हे, मुलांना ते कळावे म्हणून.

परंतु दीनानाथ दलाल १९७१ साली गेले आणि रघुवीर मुळगावकर १९७६ साली. म्हणजे दलालांची चित्रे २०३१ संपेपर्यंत आणि मुळगावकरांची २०३६ संपेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हक्काची आहेत. तो हक्क वारसांकडे असो की प्रकाशकाकडे. आज फोनवर फिरणाऱ्या निम्म्या 'जुन्या, सुंदर' दिवाळीचित्रांत मला या दोघांचा हात दिसतो आणि नाव मात्र एकाखालीही दिसत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेथपासून हे अंक आपण वाचीत आलो. ते आधी पाहिले जात आणि मग वाचले जात, हे कोणताही प्रामाणिक लेखक कबूल करील. ज्यांच्या चित्राने वाचकाचा हात अंकाकडे गेला, त्यांचीच नावे पुसून आपण त्यांचा गौरव करतो आहोत!

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हक्काच्या नावाने चालणारी अरेरावीही मी कमी पाहिलेली नाही. अमेरिकेत कॅरल हायस्मिथ नावाच्या छायाचित्रकार बाईंनी आपली हजारो छायाचित्रे तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला लोकांसाठी देऊन टाकली. पुढे त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांचेच एक छायाचित्र वापरल्याबद्दल एका चित्रपेढीच्या वतीने त्यांनाच १२० डॉलरची मागणी करणारे पत्र आले! त्यांनी २०१६ साली एक अब्ज डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने त्यातला मोठा भाग फेटाळला, कारण सर्वांना देऊन टाकलेल्या वस्तूवर देणाराचाही हक्क उरत नाही, आणि ती विकणाराला अडविणेही कठीण होते. तेव्हा धमकीचे पत्र आले की मान तुकवावी असे मी म्हणत नाही. हक्क खरा आहे काय, हे विचारण्याचा तुम्हालाही हक्क आहे. परंतु दांडगे लोक हक्काचा गैरवापर करतात, म्हणून गरिबाचा खरा हक्क बुडवावा, हा कोणता न्याय?

आणि गरीब कोण, तेही पाहा. मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतले आणि उलट करार केला नसला, तर कित्येकदा पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडेच जातो. चित्रकाराजवळ मग उरते काय? नाव उरते. कायद्याच्या ५७ व्या कलमाने ते त्याच्यापासून कोणालाही, हक्क विकत घेणाऱ्यालासुद्धा, तोडता येत नाही. अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी ते काढून कोठारात टाकून दिले गेले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरी सहगल कोर्टात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपयांची भरपाई आणि उरलेले शिल्प परत देवविले. सरकार जिथे हरले तिथे मिठाईवाल्याने आणि कादंबरीकाराने किती ऐट करावी?

मी माझ्या प्रकाशकांना पत्र लिहिले. ते म्हणाले, "एवढ्याशा चित्राचे काय घेऊन बसलात?" मी विचारले, "एवढेसेच होते तर पुस्तकाच्या तोंडावर का लावलेत?" कागदवाला उधारीवर कागद देत नाही, बांधणावळ रोख लागते, अक्षरजुळणी करणाराला पानामागे पैसे मिळतात, सगळ्या पुस्तकात फुकट काय, तर तेवढे चित्र! चित्रावरून चित्र शोधण्याची सोय नेटवर आहे. तिच्या आधाराने तीन संध्याकाळी खपून मी त्या बाईचा माग काढला. चित्र काढणारी विदर्भातल्या एका गावची मुलगी निघाली. मी फोन केला, नाव सांगितले आणि कसे बोलावे याचा विचार करीत राहिलो.

"सर, तुमची ती कादंबरी मी वाचली आहे," तीच म्हणाली.

लेखकाची जात! मी तशा स्थितीतही सुखावलो. "कोठे मिळाली?"

"मैत्रिणीनं पीडीएफ पाठवलं होतं."

काही वेळ दोघेही गप्प होतो, मग दोघेही हसलो. नंतर ती हळूच म्हणाली, "मुखपृष्ठ पाहिलं तेव्हा आईला दाखवलं. आई म्हणाली, तुझं नाव कुठाय? मी म्हटलं, आतल्या पानावर असेल. मग सगळी पानं पाहिली."

सगळी पाने पाहिली! माझ्या कादंबरीची इतकी काळजीपूर्वक छाननी दुसऱ्या कोणी केलेली नाही. आणि तिला जे हवे होते ते एकाही पानावर नव्हते.

दुसऱ्या आवृत्तीत तिचे नाव आतल्या पानावर माझ्या नावाखाली आले. पैसेही ठरले, आणि ते कागदावर ठरले: कोणत्या पुस्तकासाठी, किती वर्षांसाठी, छापील की फोनवरच्याही प्रतीसाठी. लेखी करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता, हे तिला मीच सांगितले. तिने कादंबरीची एक प्रत विकत मागविली. मी ती सही करून पाठविली आणि पैसे घेतले. तेही तत्त्वच होते.

आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांना मात्र अजून ना पेढेवाल्याचे उत्तर आले, ना पुढाऱ्याचे. पतसंस्थेने एक दिनदर्शिका तेवढी पाठविली.

वाचकहो, घरातली लेक पहाटे थंडीत कुडकुडत दारात रांगोळी घालते. शेजारणीने तिचा फोटो काढून 'माझी रांगोळी' म्हणून सगळ्या नातेवाइकांना पाठविला, तर तुम्ही कायद्याचे कलम शोधीत बसणार नाही. सरळ शेजारणीच्या दारात जाल. तेवढाच राग ज्याची लेक तुम्ही पाहिलेली नाही त्याच्यासाठीही येऊ द्या. हा अंक आता तुमच्या हातात आहे. फराळाचे हात पुसा आणि अनुक्रमणिकेच्या पानावर मुखपृष्ठ कोणाचे ते पाहा. नाव असेल तर ते एकदा मोठ्याने वाचून मुलांना ऐकवा. नसेल, तर संपादकांना पत्र घाला. या अंकाच्या संपादकांनाही मी यातून वगळलेले नाही.